अळीला कसं कळालं?

गेल्या उन्हाळ्यात लातूरला पालक-शिक्षकांच्या एका मेळाव्यात एका वक्त्यांनी आठवी ते दहावीच्या जीवशास्त्राची आखणी कशी करावी, हे अर्ध्या तासात सांगून टाकले. टाळ्या भरपूर मिळाल्या. नांदेडला परतताना बसमध्ये मला त्या टाळ्याच जास्त टोचत होत्या. वक्त्यांचे मत त्यांच्यापाशी राहिले असते तर हा लेख लिहिला नसता. पण जूनमध्ये शाळा उघडल्यावर तेच मत तीन शाळांच्या वार्षिक नियोजनात उतरलेले दिसले, म्हणून लिहिणे भाग आहे.

त्यांचे म्हणणे असे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे. 720 पैकी 360 गुण एकट्या या विषयाचे. भौतिकशास्त्राला डोके लागते, रसायनशास्त्राला सराव लागतो, जीवशास्त्राला फक्त पाठांतर लागते. पाठांतर कोवळ्या वयात उत्तम होते. तेव्हा आठवीपासूनच अकरावी-बारावीच्या पुस्तकातल्या ओळी मुलांकडून घोकून घ्याव्यात, संज्ञा पहिल्यापासून इंग्रजीतच द्याव्यात, रोज पर्यायी प्रश्न आणि आठवड्याला एक चाचणी घ्यावी. प्रयोग, शेत, बाग यांत वेळ दवडू नये. प्रजननाचा धडा मुलांना घरी वाचायला सांगावा. मराठवाड्यातल्या मुलाकडे गमावायला वेळ नाही.

यातल्या शेवटच्या वाक्यामागची तळमळ मला कळते. लातूर पॅटर्न नव्वदच्या दशकात राज्यभर गाजला, त्याआधी गुणवत्ता यादीत मुंबई-पुण्याची नावे वाचायची आणि आपल्या मुलांना ‘जमेल तेवढं कर’ म्हणायचे, अशी आपली रीत होती. ती मोडली. उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधारच्या शेतकऱ्यांची मुले डॉक्टर झाली. त्या कष्टांना मी कमी लेखत नाही. पण पॅटर्न होता तो बारावीच्या तयारीचा. तो तेरा वर्षांच्या मुलावर लादणे म्हणजे पेरणीआधीच मळणी यंत्र आणून उभे करणे आहे.

लहानसहान मुद्दे आधी निकालात काढते. नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. आठवी ते दहावीच्या पुस्तकावर तिथे थेट प्रश्न नसतो. इंग्रजी संज्ञा मुलांना यायलाच हव्यात, पण वस्तू पाहण्याआधी नव्हे. आणि नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. प्रयोगाला वेळ नाही म्हणता, तर दहावीच्या विज्ञानात प्रात्यक्षिकाचे 20 गुण आहेत ते कशाचे देता? दरवर्षी 20 लाखांहून अधिक मुले नीटला बसतात आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख आहेत. उरलेल्या मुलांना जीवशास्त्र नको का?

आता मूळ मुद्दा. जीवशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे, हे ते वाक्य. वक्त्यांची सगळी इमारत याच एका विटेवर उभी आहे आणि ती वीटच कच्ची आहे.

2017 सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नांदेड जिल्ह्यात हदगाव, भोकर, किनवट, माहूर हा कापसाचा पट्टा. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने हा पट्टा धुऊन काढला. बाहेरून हिरवेगार बोंड, फोडले की आत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा पडलेला. नववीच्या वर्गात एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, बाबा म्हणतात, बीटी आलं तेव्हा अळी मरायची. आता मरत नाही. अळीला कसं कळालं?’’

या प्रश्नावर मी पुढचे चार तास घालवले. वक्त्यांच्या हिशेबात ते चारही वाया गेले. त्या तासांत काय झाले, ते सांगते.

पहिल्या तासाला मी फक्त ऐकले. ‘अळीला सवय झाली’, ‘अळी शहाणी झाली’, ‘कंपनीनं बियाणं पातळ केलं’, अशी उत्तरे आली. एकही उत्तर मूर्खपणाचे नव्हते. सवयीने अंगात बदल होतो आणि तो पिल्लांत उतरतो, असे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही एके काळी वाटत होते. दुसऱ्या तासाला मुलांनी घरून माहिती आणली. बीटी कापूस आपल्याकडे 2002 मध्ये आला. त्यात जमिनीतल्या एका जिवाणूचे जनुक होते. 2006 पासून दोन जनुकांचे वाण आले. बियाण्याच्या मोठ्या पुडीबरोबर नॉन-बीटी सरकीचे एक छोटे पाकीट यायचे. ते काय केले, असे विचारल्यावर वर्ग हसला. कुणाच्या घरी ते फेकले होते, कुणी ढोरांना घातले होते, कुणी नांग्या भरायला वापरले होते.

तिसऱ्या तासाला फळ्यावर फक्त दोन इंग्रजी अक्षरे लिहिली, प्रभावी गुणासाठी एक मोठे आणि अप्रभावी गुणासाठी एक छोटे. लाखो अळ्यांत एखादी अळी जन्मतःच विष सोसणारी असते. तिला कुणी शिकवलेले नसते, तिला काही कळालेलेही नसते. बाकीच्या मेल्या, ती उरली. तिचा पतंग झाला आणि त्याला जोडीदारही तसाच, उरलेल्यांतला मिळाला. मग पुढची पिढी सगळी सोसणारी. पण बांधाकडेच्या ओळींत नॉन-बीटी कापूस असता, तर तिथे साध्या अळ्या जगल्या असत्या. सोसणाऱ्या पतंगाची गाठ साध्या पतंगाशी पडली असती. हा सोसण्याचा गुण अप्रभावी असेल, तर त्या जोडीची संकरित पिल्ले बीटीच्या बोंडात मेली असती. फेकलेले पाकीट हे त्यासाठी होते. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा सावकाश म्हणाला, ‘‘म्हणजे अळी नाही बदलली. कोणती अळी उरली, ते बदललं.’’

नैसर्गिक निवडीची याहून चांगली व्याख्या मी कुठल्या मार्गदर्शिकेत वाचलेली नाही. आणि ती त्याने पाठ केलेली नव्हती.

चौथ्या तासाला फरदडीवर चर्चा झाली. वेचणी संपल्यावरही पराटी उभी ठेवायची, पाणी द्यायचे आणि उन्हाळ्यापर्यंत आणखी दोन वेचे काढायचे, ही आपल्याकडची सवय. मुलांनीच सांगितले की अळीला वर्षभर घर मिळाले. अन्नसाखळी, जीवनचक्र, यजमान वनस्पती, सगळे त्या एका तासात आले आणि अळी लागून न उमलणाऱ्या कळीसाठी डोमकळी हा शब्द मुलांनी मला शिकवला. पुढच्या जूनमध्ये दहावीचे नवे पुस्तक आले. दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा होता ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. माझ्या वर्गात प्रश्न सात महिने आधी आला होता, धडा त्याचे उत्तर म्हणून आला. आखणी म्हणतात ती याला.

पाठांतराने काय साधते? मुलाला ‘नैसर्गिक निवड: डार्विन’ ही जोडी लावता येते. त्याच मुलाला घरी विचारा, बोंडअळी का मरेना? तो सांगेल, औषध भेसळीचे होते. जोडी त्याच्या वहीत राहिली आणि कर्ज बापाच्या डोक्यावर राहिले. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

दुसरे उदाहरण गोगलगायीचे. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन रातोरात फस्त केले. लोकांना दुबार पेरावे लागले. रात्री बॅटरी घेऊन घमेल्यांत गोगलगायी वेचणारी मुले सकाळी वर्गात येऊन ‘संघ मृदुकाय, शरीर मऊ, बुळबुळीत’ पाठ करत बसली होती. गोगलगाय रात्रीच का निघते? पावसाची झड लागल्यावरच का वाढते? नर-मादी वेगळी नसल्याने प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, याचा शेतकऱ्याला काय अर्थ? कातडी ओली ठेवल्याशिवाय ती जगू शकत नाही, हे एक कारण धरले तर पाठ करायच्या निम्म्या ओळी आपोआप सुचतात. जीवशास्त्र कारणांचे शास्त्र आहे. कारणे काढून घेतली की यादी उरते, आणि यादी पाठच करावी लागते. आधी विषयाचा जीव काढून घ्यायचा आणि मग तो पाठांतराचा आहे म्हणायचे, हा कुठला न्याय?

लातूरबद्दल एवढेच म्हणते. 2016 मध्ये या शहराने मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले. त्या शहरातले मूल बाष्पोत्सर्जन चार पर्यायांतून शिकते. पानांच्या फांदीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून दुपारी आत जमलेले पाणी मोजायला एक दोरा आणि एक पिशवी लागते.

प्रजननाच्या धड्याचा वाद जुना आहे. वीस वर्षांपूर्वी मी नवखी असताना एका शाळेत तो धडा शिकवायला उभी राहिले, तर मुलींना वेगळ्या खोलीत बसवा, असा निरोप आला. मुलांनी वर्गात ऐकले आणि मुलींनी व्हरांड्यात. संस्कृती बिघडेल, वय लहान आहे, पुस्तकात आहे तेवढे पुरे, ही तेव्हाची कारणे होती. आज कारण बदलले आहे. वेळ नाही, म्हणतात. धडा वगळलाच जातो. आपल्या भागात आजही दहावी झाली की मुलीचे लग्न ठरवणारी घरे आहेत. पाळी, रक्तक्षय, गर्भधारणा हे त्या मुलीला शेवटचे शिकवणारे ठिकाण म्हणजे दहावीचा वर्ग. ज्या परीक्षेला ती कधी बसणारच नाही, त्या परीक्षेसाठी तिचा हा धडा गाळायचा?

बेडूक कापावा की नाही, हाही एक जुना वाद. त्यात मी पूर्वी हिरिरीने भांडले आहे. आता वाटते, कापायला बेडूक नसला तरी चालेल. पावसाळ्यात डबक्यातली बेडकाची अंडी दाखवायला शिक्षक वर्गाबाहेर निघाला पाहिजे.

मग आखणी कशी असावी? माझ्यापाशी छापील आराखडा नाही. आपले शालेय वर्ष आणि खरीप एकाच वेळी सुरू होतात. तिकडे मृग, इकडे शाळा. ही सोय कुणी मुद्दाम करून दिलेली नाही, पण तिचा उपयोग करावा, एवढेच माझे म्हणणे.

जून-जुलैत बियाण्याची उगवण तपासावी आणि पेरणीनंतर महिन्या-सव्वा महिन्याने सोयाबीनचे एक रोप मुळासकट हळूच उपटून गाठी मोजाव्यात. गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो, म्हणजे जिवाणू नत्र स्थिर करताहेत. घरी बियाण्याला चोळलेले रायझोबियम हेच, हे मुलाला त्या क्षणी कळते. ऑगस्टमध्ये कीटक, डासांच्या अळ्या आणि प्राण्यांचे वर्गीकरण घ्यावे. पोळ्याला दारात उभी असतात ती लाल कंधारी आणि देवणी जनावरे. आनुवंशिकतेला याहून चांगले शैक्षणिक साहित्य कुठले? दिवाळीनंतर तूर फुलते, तेव्हा मधमाशी आणि परागण. अर्धापूरकडच्या मुलांनी केळीला बी का नसते आणि ऊतिसंवर्धित रोपे कशी होतात, ते सांगावे. लातूरकडे येळवसीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळे शेतात जातात, आंबील पितात. ती कशाने आंबते, हा सूक्ष्मजीवशास्त्राचा धडा मडक्यातच आहे. थंडीत पहाटे हरभऱ्यावर फडके फिरवून आंब गोळा करावी आणि लिटमस बुडवून पाहावा.

पुस्तकातला एकही धडा यात गळत नाही. फक्त क्रम बदलतो. आधी पाहणे, मग प्रश्न, मग धडा, मग संज्ञा, आणि हवी तर शेवटी चाचणी. प्रत्येक मुलाने एक प्रश्नवही ठेवावी आणि आठवड्याला उत्तर न येणारा एक प्रश्न तीत लिहावा. शहरातल्या शाळेला शेत नसेल. पण नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरातल्या वर्गात किमान निम्मी मुले गावाकडून आलेली असतात. शेत त्यांच्यापाशी आहे.

हे करून नीटचे गुण वाढतील का? कारण समजलेल्या मुलाला ओळ लवकर लक्षात राहते, हा माझा वर्गातला अनुभव आहे. पण गुणांसाठी हे करा, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर वक्त्यांचे आणि माझे भांडण फक्त युक्तीचे उरेल.

बोंडअळीचा प्रश्न विचारणारी ती मुलगी डॉक्टर झाली नाही. ती कृषी पदवीला गेली. मधल्या एका फेब्रुवारीत तिचा फोन आला होता. घरात मोठे भांडण झाले होते. वडिलांना फरदड ठेवायची होती आणि तिने पराटी उपटायला लावली होती. वडील दोन दिवस बोलले नाहीत. ‘‘मॅडम, त्यांना अजून वाटतं अळीला कळतं,’’ ती म्हणाली. ‘‘फळ्यावर दोन अक्षरं लिहून समजावून सांगितलं. पुन्हा सांगावं लागेल.’’