दोन पाटे जास्त

मोटारीच्या मागच्या चाकाबद्दल स्वतःचं मत नसलेला माणूस वसई-विरारच्या हद्दीत सापडणार नाही. ज्याच्याकडे मोटार नाही त्याचं मत तर जरा जास्तच ठाम असतं. मी बँकेत कारकून, शिक्षण बी.कॉम. यंत्राशी माझा संबंध नोटा मोजण्यापुरता. पण वडिलांनी मागे दोन गोष्टी ठेवल्या : एक काटकसर आणि दुसरी 1986 सालची प्रीमियर पद्मिनी. या दोघी एका घरात नांदत नाहीत, हे वडील गेल्यावर कळलं.

पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातली लेक. इंजिन 1089 सीसीचं, ताकद सुमारे 40 घोड्यांची. त्यातले काही आता माझ्यासारखेच सेवानिवृत्तीकडे डोळे लावून आहेत. हिची शेवटची काळी-पिवळी बहीण 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा पेपरवाले हळहळले. आमची मात्र दर मंगळवारी आईला गुडघ्याच्या व्यायामाला नेते-आणते. रिक्षात आईला चढता येत नाही. म्हणजे हा शौकाचा मामला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

आता अडचण अशी की मोठ्या रस्त्यावर दरवर्षी डांबराचा नवा थर चढतो आणि आमची गल्ली आहे तिथेच राहते. दोहोंच्या मध्ये पंधरा फुटांचा चढ तयार झालाय. पावसाळ्यात त्यावर चिखल. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मागचं चाक जागच्या जागी फिरे आणि गाडीचं बूड धड्-धड्-धड् आपटे. मागच्या सीटवर आई रामरक्षा सुरू करी.

लगेच सल्ले आले. हायवेच्या एका पाटेवाल्याने गाडीखाली वाकून न बघताच निकाल दिला, "दोन पाटे जास्त टाका, साहेब. गाडी उचलेल!" मी टाकले. गाडी खरंच उचलली, पण फक्त मागून! शेपूट वर करून दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी ती उभी राहू लागली आणि दिव्यांचा उजेड बंपरपुढच्या चार हातांवरच पडू लागला. चढावर चाक फिरायचं ते फिरतच राहिलं. वर प्रत्येक खड्ड्यात ते हवेत उडू लागलं, आणि हवेतलं चाक गाडी कशी ढकलणार? आईची कंबर धरली ती वेगळीच. गुडघ्यासाठी निघालेली बाई कमरेचा नवा विकार घेऊन घरी आली.

मग भाचा आला. तो रात्र-रात्र अमेरिकेतल्या पैलवान गाड्या बघत असतो. म्हणाला, "मामा, ही तर मसल कारची जात! मागे आस, खाली पाटे. ट्रॅक्शन बार बसव."

भाच्याचं शास्त्र खोटं नव्हतं, हे कबूल करतो. इंजिन चाकाला पुढे फिरवू लागलं की आस उलट्या दिशेने पिळायला बघतो. पाटा 'एस' अक्षरासारखा वाकतो, ताण फार झाला की चाकाची पकड सुटते, पाटा झटकन सरळ होतो, चाक पुन्हा पकडतं, पाटा पुन्हा वाकतो. धड्-धड् ती हीच. शेवर्लेच्या 1967 च्या कॅमॅरोला मागे एकेकच पाटा होता आणि ती या उड्यांसाठी बदनाम झाली. 1968 साली कंपनीने एक शॉक अॅब्सॉर्बर आसाच्या पुढे आणि दुसरा मागे लावून पिळाला आवर घातला. क्रायस्लरवाले आस पाट्याच्या मध्यावर न बांधता पुढे सरकवून बांधत, म्हणजे पाट्याचा पुढचा भाग आखूड आणि ताठ राहतो. ट्रॅक्शन बार म्हणजे पाट्याखाली पुढे जाणारी पोलादी दांडी. पाटा पिळू लागला की ती त्याला खालून अडवते. सगळं मान्य. पण अहो, त्या गाड्यांत तीन-तीनशे घोडे! चाळीस म्हाताऱ्या घोड्यांना आवरायला एवढा लोखंडी बंदोबस्त कशाला? शिवाय आपल्याकडचे गतिरोधक बघितलेत ना? गाडीखाली लोंबणारी दांडी पहिल्याच गतिरोधकाशी कायमचं नातं जोडेल.

माझं भांडण दांडीशी नाही की पाट्याशी नाही. रोग न बघता औषध देणाऱ्यांशी आहे. बँकेत हिशेबात दहा रुपये कमी पडले तर आम्ही नवी खतावणी विकत आणत नाही, जुनी तपासतो. इथे मात्र जो तो नवा पाटा, नवी दांडी, नवा खर्च घेऊनच उभा! हा सगळा खर्च मी आमच्या पद्धतीप्रमाणे 'सस्पेन्स' खात्यात टाकला. सस्पेन्शनला याहून योग्य खातं मला तरी माहीत नाही.

शेवटी पापडीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने तासभर गाडीखाली पडून पाहिलं. टायर गुळगुळीत. शॅकलचे रबरी बुश पार झिजलेले. शॉक अॅब्सॉर्बरचं तेल गळून गेलेलं. आणि एका बाजूचे यू बोल्ट इतके ढिले की आस पाट्यावर बसलेला नव्हता, नुसता टेकलेला होता! त्याने आधी ते दोन जादा पाटे काढून माझ्या हातात दिले. मग बुश बदलले, बोल्ट आवळले, शॉक अॅब्सॉर्बर आणि टायर नवे घातले, आणि शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला बजावलं. जाताना म्हणाला, "चढाला कुणाला तरी मागे बसवत जा. इंजिन पुढे, मागे वजनच नाय, चाक पकडणार कशाला?"

पुढच्या मंगळवारी धो-धो पाऊस होता. मी आईला मागे बसवलं, शेजारी भाच्यालाही बसवलं. एरवी त्याचा दुसरा काही उपयोग नव्हता. क्लच हळूच सोडला. गाडी बिनबोभाट वर गेली.

आई काचेतून मागे वळून पाहत म्हणाली, "कोण रे ढकलत होता? त्याला चहाला तरी बोलव."