काळी नव्हे, सावळी शाई

फाउंटन पेनवाल्यांमध्ये दोन पक्ष असतात. एक म्हणतो, ऑफिसात काळी किंवा निळी, बाकी सगळे चाळे. दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये मोरपंखीपासून शेंदरीपर्यंत वीस बाटल्या आणि मीटिंगमध्ये मात्र बॉलपेन! माझं म्हणणं, दोघांनीही एकदा सावळी शाई वापरून बघा. म्हणजे लांबून काळीच, पण वहीवर वाकलं की अक्षराच्या वळणावर जांभळी, हिरवी नाहीतर तपकिरी झाक दिसते. मराठीत काळा आणि सावळा असे दोन शब्द उगाच नाहीत.

आता ही झाक येते कुठून? शाळेत खडूला काळ्या शाईचा ठिपका लावून तो पाण्यात उभा करायचो, आठवतंय? पाणी वर चढलं की एकाच काळ्यातून वेगवेगळ्या रंगांचे पट्टे सुटायचे. बऱ्याच काळ्या शाया अशी मिश्रणंच असतात. डायमाइनची 'एक्लिप्स' हा जांभळट काळ्याचा छान नमुना.

पण निव्वळ रंगद्रव्याच्या शाईवर पाणी पडलं की रंग पळतो. पुण्यातला जुलै आणि सॅकमधली वही... पुढचं सांगायला नको. रोजच्या नोट्सचं एक वेळ ठीक आहे, करारावरच्या सहीचं काय?

त्यासाठी लोहयुक्त शाई. लोखंडाचा क्षार आणि टॅनिन यांचा हवेशी संयोग झाला की कागदावर काळा रंग धरतो. यात परदेशी जादू काही नाही. आपल्याच जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात गोळा होणाऱ्या हिरड्यात टॅनिन भरपूर असतं, त्यात हिराकस घातला की काळा रंग तयार. प्लॅटिनमने २०१७ मध्ये याच तत्त्वावर सहा 'क्लासिक' शाया आणल्या. त्यातली 'फॉरेस्ट ब्लॅक' लिहिताना चक्क हिरवी असते आणि बघता बघता काळवंडते. पाण्याने वरची झाक थोडी जाईल, पण अक्षर राहतं. फक्त ही शाई पेनात वाळू द्यायची नाही. पेन रोज वापरा, अधूनमधून धुवा.

जाता जाता चेकबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये 'काळ्या शाईचे चेक बंद' असा मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरत होता. पीआयबीने तो खोटा ठरवला. रिझर्व्ह बँकेने शाईचा ठरावीक रंग सांगितलेलाच नाही. चेकची प्रतिमा स्कॅन होते, म्हणून अक्षर गडद उमटायला हवं, एवढंच. सावळी शाई तिथेही पास :-)

निवडताना एक लक्षात ठेवा. स्क्रीनवरचे फोटो बघून झाक ठरवू नका. बारीक जपानी निब आणि ऑफिसचा झेरॉक्स कागद असेल तर एक्लिप्स काय नि साधी काळी काय, सगळं सारखंच. आधी जरा जाड निब आणि शाई न फुटणारी वही घ्या. मग नमुना मागून दोन ओळी लिहा, पूर्ण वाळू द्या आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही, तर बाहेर उन्हात बघा. तिथे झाक दिसली तरच बाटली घ्या.

आपला दिवस तसाही दुसऱ्यांनी ठरवलेल्या फॉन्टमध्ये आणि टेम्प्लेटमध्ये जातो. नियमात बसून थोडा रंग स्वतःपुरता ठेवता येत असेल, तर का सोडा?