मूलपेशी आणि प्रकृतिभेदाचा मोह

अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तात उतराव्यात म्हणून दात्यास ४-५ दिवस जी-सीएसएफची इंजेक्शने देतात. मात्रा सारखीच, तरी कोणाच्या रक्तात पेशी भरपूर येतात, तर कोणाच्या अगदी थोड्या. उंदरांच्या निरनिराळ्या वंशांतही हा फरक आढळतो. म्हणजे तो काही अंशी बीजगत आहे. येथे वैद्यास प्रकृतिभेद आठवणारच, आम्हांसही आठवला. परंतु नुसते साम्य प्रमाण होत नाही. सीएक्ससीएल१२ जनुकाविषयी आधुनिकांचेच निष्कर्ष एकमुखी नाहीत. मग प्रकृतिपरीक्षणाने दाता निवडण्याची भाषा आपण कशाच्या बळावर करावी? परक्या दात्याच्या पेशी घेतलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. त्याच्या रक्तविकारतज्ज्ञास विचारल्यावाचून रसायन म्हणून गुडूची वा अश्वगंधा मुळीच देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.