बत्ती कोठून द्यावी?

अमेरिकेत ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन आला की हौशी मंडळींच्या जुन्या घाटाच्या तोफा गर्जू लागतात. अशा हौसेसाठी ५० पौंडांपर्यंत बाजारी काळी दारू परवान्यावाचून बाळगण्याची मुभा तेथील संघीय कायदा देतो. वाती, जामग्या, घर्षणाने पेटणाऱ्या नळ्याही त्याच सवलतीत बसतात. मुभेस आमचा विरोध नाही. परंतु पौंड मोजणारे हे कलम बत्ती देणारा कोठे उभा राहील, हे विचारीत नाही! तोफेच्या कानाशी पेटता काकडा नेणाऱ्याच्या तोंडावर रंजकाची ज्वाला उसळते. घर्षणनळीची लांब दोरी ओढणारा निदान चाकाबाहेर, तोफेच्या माघारी धक्क्यापासून दूर असतो. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातील गोलंदाजांनी हीच दोरी पत्करली होती. लढणाऱ्यांनी जो धोका टाळला, तो केवळ देखाव्यासाठी ओढवून घेणे यास आम्ही इतिहासप्रेम म्हणत नाही. हौशी संघांनी मैदानावर काकड्यास मज्जाव करावा.