विश्लेषण : पन्हाळ्याला किती पर्यटक पेलवतील? जागतिक वारसा दर्जामुळे नेमके काय बदलते?

पावसाळ्यातला रविवार असला की कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. नाक्यावर कर भरायचा, तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जा कोठी पाहायची, झुणका-भाकर खायची आणि दिवस मावळायच्या आत जोतिबा करून परत फिरायचे, हा अनेकांचा ठरलेला कार्यक्रम. याच गडाचे नाव ११ जुलै २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. फटाके वाजले, अभिनंदनाचे फलक लागले. पण ज्यांची घरे तटाच्या आत आहेत, त्यांच्यातल्या काहींनी नामांकनाच्या काळातच विरोध नोंदवला होता. घर दुरुस्त करता येईल का, हॉटेल चालवता येईल का, उद्या गड सोडायला तर सांगणार नाहीत ना, हे त्यांचे प्रश्न होते. स्थलांतर होणार नाही, असे प्रशासनाने सांगितले. तरीही हे प्रश्न बिनबुडाचे नाहीत.

यादीत नेमके काय आले?

पॅरिसमध्ये झालेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’ या नावाने १२ किल्ल्यांचा एकत्रित प्रस्ताव मंजूर झाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले ११, आणि तमिळनाडूतला जिंजी. समितीत २१ देश असतात. भारत स्वतः सदस्य असल्याने उरले २०. त्यातल्या १८ देशांनी प्रस्तावाला पाठिंबा दिला. त्याआधी २०२४च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘इकोमॉस’ या तज्ज्ञ संस्थेच्या वतीने दक्षिण कोरियातून आलेल्या तज्ज्ञांनी किल्ल्यांची पाहणी केली होती. भारतातले हे ४४वे जागतिक वारसा स्थळ.

प्रस्तावात किल्ल्यांची वर्गवारीही आहे : डोंगरी किल्ले, जंगलातला प्रतापगड, किनाऱ्यावरचा विजयदुर्ग, बेटांवरचे जलदुर्ग. पन्हाळ्याची नोंद ‘डोंगरी पठारावरचा किल्ला’ अशी वेगळी आहे. खरा वेगळेपणा मात्र याच्या पलीकडचा आहे. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापूरला हलेपर्यंत करवीर संस्थानचा कारभार येथून चालायचा. राजधानी गेली, वस्ती राहिली. आज तटाच्या आत तीन हजारांच्या आसपास लोकवस्ती, शाळा, कचेऱ्या, हॉटेले आणि स्वतःची नगरपरिषद आहे. सिंधुदुर्गात आणि प्रतापगडावरही काही कुटुंबे राहतात. पण गडावरच शहर वसलेले आहे, असा या यादीतला किल्ला पन्हाळाच.

दर्जा म्हणजे निधी का?

सर्वांत मोठा गैरसमज हाच. जागतिक वारसा दर्जा हा पुरस्कार नाही आणि त्यासोबत धनादेशही येत नाही. १९७२च्या जागतिक वारसा कराराखाली संबंधित देशाने जगाला दिलेला तो शब्द आहे. भारताने हा करार १९७७ मध्ये स्वीकारला. कराराखाली एक निधी आहे, पण तो तुटपुंजा आहे आणि मुख्यतः धोक्यात आलेल्या स्थळांना व गरीब देशांना जातो. उलट भारतच आता देणाऱ्यांच्या बाजूला आहे. २०२४ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या समितीच्या ४६व्या अधिवेशनात भारताने युनेस्कोच्या जागतिक वारसा केंद्राला दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले. त्यामुळे पन्हाळ्याची तटबंदी सावरायची, तर पैसा दिल्ली, मुंबई आणि कोल्हापुरातूनच उभा करावा लागेल.

बदलते ते हिशेब देण्याचे बंधन. दर सहा वर्षांनी प्रत्येक स्थळाचा अहवाल द्यावा लागतो. स्थळाच्या मूल्याला धक्का लागू शकेल असे मोठे बांधकाम करायचे, तर निर्णय पक्का होण्याआधी कळवायचे आणि वारशावर काय परिणाम होईल याचा अभ्यास करायचा. रोपवे, मोठे वाहनतळ, रस्त्याचे रुंदीकरण असे सगळे यात येऊ शकते. हे पाळले नाही तर स्थळ ‘धोक्यातील वारसा’ यादीत जाते. अगदी टोकाला नावच वगळले जाते. आतापर्यंत तीनदा तसे झाले आहे : २००७ मध्ये ओमानचे अरेबियन ओरिक्स अभयारण्य, २००९ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेनचे एल्ब खोरे आणि २०२१ मध्ये ब्रिटनमधील लिव्हरपूल. ड्रेस्डेनच्या नागरिकांनी तर सार्वमत घेऊन नदीवर पूल बांधायचा कौल दिला होता. पूल झाला, दर्जा गेला.

शाश्वत पर्यटनासाठी आंतरराष्ट्रीय प्रयत्न बरेच आहेत. जून २०२३ मध्ये जी-२० देशांच्या पर्यटनमंत्र्यांच्या बैठकीतून ‘गोवा रोडमॅप’ आला. २०२७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत आणि सक्षम पर्यटनाचे वर्ष म्हणून जाहीर केले आहे. ही सारी कागदपत्रे चांगली आहेत, पण ती ऐच्छिक आहेत. ज्यात वेळापत्रक आहे, तपासणी आहे आणि नाव जाण्याची भीती आहे, असा करार हाच एक. म्हणून पन्हाळ्यासारख्या छोट्या गावाला तो थेट लागू होतो.

मग घर बांधण्यावर बंदी युनेस्कोची का?

नाही. पन्हाळ्यातल्या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. बांधकामावरची कडक बंधने भारतीय कायद्याची आहेत आणि ती या दर्जाच्या आधीपासून आहेत. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, तर त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पन्हाळ्यावर अशी स्मारके एक नव्हे, अनेक आहेत आणि ती वस्तीत विखुरलेली आहेत. प्रत्येकाभोवती ही वर्तुळे काढली, की गावाचा केवढा भाग त्यात अडकतो हे नकाशा न पाहताही कळते.

जागतिक दर्जाने ही वर्तुळे वाढली, असे नाही. पण आजवर ज्याकडे डोळेझाक होत होती, त्याकडे आता बाहेरचेही पाहणार. रहिवाशांच्या भीतीचे मूळ इथे आहे. आणि या भीतीला शेजारच्या राज्यातले उदाहरणही आहे. हंपी १९८६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. तुंगभद्रेवरील पुलाच्या बांधकामामुळे ते १९९९ ते २००६ या काळात धोक्यातील यादीत होते. पुढे २०११ मध्ये हंपी बाजारातील जुन्या मंडपांत राहणाऱ्या, दुकाने चालवणाऱ्या कुटुंबांची बांधकामे पाडण्यात आली. कारवाई स्थानिक प्रशासनाची होती, पण कारण वारसा जतनाचे दिले गेले. युनेस्को कोणाला हटवत नाही, हे खरे. तिच्या नावाने हटवले जाऊ शकते, हेही तितकेच खरे.

गडाला खरा धोका कशाचा?

गर्दीपेक्षा पाण्याचा. हे समजायला जैसलमेरचा किल्ला उपयोगी पडतो, कारण तोही वस्तीचा किल्ला आहे आणि २०१३ पासून राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसह जागतिक यादीत आहे. वाळवंटातला हा किल्ला घागरीने पाणी आणणाऱ्या वस्तीसाठी बांधलेला. नळ आले, हॉटेले वाढली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आले. सांडपाणी मात्र वाहून नेण्याची सोय तेवढी झाली नाही. पाणी खालच्या मातीत मुरले, पाया भुसभुशीत झाला आणि बुरूज कोसळले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने १९९६, १९९८ आणि २००० अशा तीन याद्यांत या किल्ल्याचे नाव धोक्यातील स्मारक म्हणून घेतले.

पन्हाळा वाळवंटात नाही, उलट धो-धो पावसात आहे. गडाच्या माथ्यावर जांभा खडक आहे. हा दगड सच्छिद्र, पाणी पितो आणि कडेला झिरपू देतो. माथ्यावरचे पाणी कोठून वाहून जाते, यावर कडा टिकणार की नाही हे ठरते. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला आणि वाहनांची ये-जा बंद पडली. त्यात निसर्गाचा वाटा मोठा होता. पण सिमेंटच्या अंगणांनी आणि रस्त्यांनी वरचे पाणी एकाच वाटेला लावले, की तोच पाऊस अधिक नुकसान करतो.

ज्यांनी हा गड वापरला, त्यांनी पाण्याचा आणि धान्याचा हिशेब आधी मांडला होता. अंधारबावीत विहीर आणि पहारा एकाच वास्तूत आहे. गंगा, यमुना, सरस्वती ही अंबरखान्याच्या कोठारांची नावे. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने चालला, तरी गड लढून पडला नाही. गडावर किती माणसे किती दिवस राहू शकतात, हे ठाऊक असल्याशिवाय असे तग धरता येत नाही. आज पर्यटनशास्त्रात यालाच धारणक्षमता म्हणतात. आजच्या पन्हाळ्याची धारणक्षमता किती, हा आकडा मात्र कोणत्याही पर्यटकाला नाक्यावर दिसत नाही.

संख्या मर्यादित केली तर?

जगात हा उपाय रुळला आहे. पेरूतील माचू पिचूला वेळ ठरवून तिकिटे मिळतात आणि दिवसाला साधारण ४,५०० जणांची मर्यादा आहे, गर्दीच्या काही दिवशी ५,६००. व्हेनिसने २०२१ मध्ये मोठी प्रवासी जहाजे शहराच्या मुख्य कालव्यातून बंद केली. धोक्यातील यादीत टाकण्याचा इशारा तेव्हा युनेस्कोने दिला होता. २०२४ पासून ठरावीक दिवशी एक दिवसाच्या पाहुण्यांकडून तेथे पाच युरो घेतले जाऊ लागले.

त्यासाठी इतके लांब जायचीही गरज नाही. साताऱ्याचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांबरोबर जागतिक यादीत आले. (कोल्हापूर जिल्ह्यातले राधानगरी अभयारण्यही त्याच यादीत आहे. त्यामुळे पन्हाळा हे जिल्ह्यातले पहिले जागतिक वारसा स्थळ नव्हे, याचा या जल्लोषात अनेकांना विसर पडला.) कासला फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आहे. व्यवस्था वन विभागाबरोबर आसपासच्या गावांच्या समित्या पाहतात आणि हंगामात गावकऱ्यांना काम मिळते. मात्र तेथे एक चूकही झाली. पठाराला जाळीचे कुंपण घातले, जनावरांचे चरणे थांबले आणि काही वर्षांत फुलेच कमी झाल्याची ओरड सुरू झाली. अखेर कुंपण काढावे लागले. ज्यांच्या वावराने जागा घडली त्यांनाच बाहेर ठेवले, तर जागा बिघडते. पन्हाळ्याला हे शब्दशः लागू होते.

कासची पद्धत गडावर तशीच्या तशी चालणार नाही. पठारावर कोणी राहत नाही, पन्हाळ्यावर राहतात. शाळेला निघालेल्या मुलाने स्लॉट बुक करायचा नसतो. म्हणून माणसांपेक्षा आधी वाहनांवर मर्यादा घालणे सोपे आणि न्याय्य : रहिवाशांच्या गाड्या वर, पर्यटकांच्या खाली आणि मधल्या टप्प्यात बस. येथे दुसरी अडचण येते. जोतिबा-पन्हाळा अर्ध्या दिवसात उरकणारा पर्यटक गडावर धूर आणि प्लास्टिक जास्त सोडतो, पैसे कमी. मुक्काम करणारा पैसे देतो, पण पाणी वापरतो. दोघांचे मोजमाप वेगळे करावे लागेल.

पुढे काय पाहायचे?

पन्हाळा नगरपरिषदेची क्षमता कमी लेखण्याचे कारण नाही. यादीत नाव आल्यावर सहाच दिवसांनी, १७ जुलै २०२५ रोजी, स्वच्छ सर्वेक्षणाच्या ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये २० हजारांहून कमी लोकसंख्येच्या शहरांत पाचगणीबरोबर पन्हाळ्याचेही नाव होते. कचरा वेचणे गावाला जमले आहे. पण सांडपाणी, वाहनतळ आणि बांधकाम परवानगी या तिन्हींचे निर्णय एका टेबलावर होत नाहीत. स्मारके पुरातत्त्व खात्याकडे, गाव नगरपरिषदेकडे, रस्ता बांधकाम विभागाकडे, उतार अनेक ठिकाणी वनखात्याकडे.

युनेस्कोला द्यायच्या अहवालात या सगळ्यांची एकच व्यवस्थापन योजना असते. ती योजना रहिवाशांना मराठीत वाचायला मिळते का, तीत पाण्याचा निचरा किती पाने व्यापतो आणि रोषणाई किती, नाक्यावर जमणाऱ्या करातला किती वाटा तटबंदीवर खर्च होतो, हे तीन प्रश्न पन्हाळकरांनी प्रत्येक बैठकीत विचारण्यासारखे आहेत. घरदुरुस्तीचे नियम त्याच योजनेत स्पष्ट लिहून घेता येतात : कोणती दुरुस्ती परवानगीशिवाय, कोणती किती दिवसांत मंजूर, छप्पर कशाचे, उंची किती. तोवर गडावरच्या गळक्या छपराला ताडपत्रीचाच आधार आहे, आणि पुढचा पावसाळा दर्जा पाहून थांबणार नाही.