डुकराचे जनुक आणि बालकाचे प्राण

प्रभादेवी आणि परळ यांचे नाते निव्वळ शेजाराचे नाही. गिरणगावाच्या कित्येक पिढ्यांनी परळच्या रुग्णालयांच्या आधारे दिवस काढले. प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी याच मुंबईत स्वतःस टोचून घेणाऱ्या डॉ. हाफकिन यांच्या नावाची संस्था आजही परळला उभी आहे.

तेथून जवळच, केईएम रुग्णालयाच्या आवारात, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. जन्मजात रोगप्रतिकारशक्तीच नसलेल्या बालकांचे निदान हे तिच्या कार्यापैकी एक होय. असे मूल जन्मतः धडधाकट दिसते. परंतु काही महिन्यांतच एकामागून एक संसर्ग होऊ लागतात, आणि अस्थिमज्जारोपणासारखा उपचार वेळेवर न झाल्यास ते बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच दगावते. दैवदुर्विलास असा की, इतरांना क्षयापासून वाचवणारी बीसीजी ही जिवंत जंतूंची लस अशा अर्भकास जन्मताच दिली जाते व त्याच्या शरीरात तीच रोग पसरवू शकते.

या विकाराचा अभ्यास आजवर मुख्यतः उंदरांवर झाला. तथापि उंदीर येथे पूर्ण विश्वासार्ह नाही. मुलग्यांत आढळणाऱ्या प्रमुख प्रकारास कारणीभूत असलेले जनुक उंदरात निकामी केले, तर टी-पेशींबरोबर बी-पेशीही जवळजवळ नाहीशा होतात. मानवी रुग्णात बी-पेशी शिल्लक असतात. जपानी शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये तेच जनुक डुकरात निकामी केले, तेव्हा चित्र माणसासारखे दिसले: टी-पेशी व नैसर्गिक मारक पेशी नाहीत, बी-पेशी मात्र आहेत. कोणती पेशी कोणते काम करते, आणि रोपण केलेली मज्जा कशी रुजते, हे पाहण्यास याहून जवळचा प्राणी सहसा मिळत नाही.

म्हणून डुक्कर म्हणजे माणूस नव्हे. मानवी माता आपली प्रतिपिंडे वारेतून गर्भास देते. डुकराच्या पिलास ती चिकातूनच मिळतात. शिवाय मुक्या जिवास जाणूनबुजून दुर्बळ जन्मास घालण्याचा नैतिक प्रश्न उरतोच. आपल्याकडे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, जनुकबदलासंबंधीचे १९८९ चे नियम आणि प्राणिप्रयोगांचे १९९८ चे नियम आहेत. त्यांचे पालन कागदोपत्री न राहता जनतेस दिसले पाहिजे.

परंतु खरा प्रश्न याही पुढचा आहे. या ज्ञानाचा लाभ कोणास? नवजाताच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा दोष ओळखता येतो. आपल्याकडे मात्र तशी सार्वत्रिक तपासणी अद्याप नाही. ज्या घरात पूर्वी एखादे बाळ वारंवारच्या संसर्गाने दगावले असेल, तेथे बीसीजीपूर्वी डॉक्टरांना ते सांगणे आणि तपासणी होईपर्यंत लस लांबवणे, एवढी साधी दक्षताही कित्येक बालकांस वाचवील. प्राण्याचे बलिदान समर्थनीय ठरायचे, तर प्रयोगशाळेतील निष्कर्ष प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत पोहोचलाच पाहिजे. ती वाट बांधणे शासनाचे काम आहे. ती मागणे आपले.