नक्षी आपली, नफा कुणाचा?

दसरा-दिवाळीच्या तोंडावर मीरा रोड आणि भाईंदरच्या कपडेबाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. लोकलने मुंबईला नोकरीसाठी जाणारा, घराचे हप्ते फेडणारा येथील मध्यमवर्ग वर्षभर हात राखून खर्च करतो आणि सणाला मात्र कुटुंबासाठी मोकळ्या मनाने कपडे घेतो. आपल्या मुलीने चारचौघींत उठून दिसावे, ही आईवडिलांची इच्छा स्वाभाविकच आहे. बाजाराने या इच्छेवर एक नवे जाळे टाकले आहे. ज्याचे कपडे लाखांच्या घरात विकले जातात, अशा डिझायनरचे नाव स्वस्त कपड्यांच्या साखळी दुकानाशी जोडायचे. माल मोजकाच काढायचा. विक्रीचा दिवस आधीपासून गाजवायचा आणि ‘आज घेतले नाही तर पुन्हा मिळणार नाही’ अशी हुरहुर ग्राहकाच्या मनात निर्माण करायची, असे हे तंत्र आहे.

स्वीडनच्या एच अँड एम कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये कार्ल लागरफेल्ड या विख्यात डिझायनरला हाताशी धरून हे तंत्र जगभर गाजविले. भारतात त्याचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो १२ ऑगस्ट २०२१ रोजी. सब्यसाची मुखर्जी यांच्या नावाचे कपडे याच कंपनीने बाजारात आणले आणि काही मिनिटांत ते संपले. ९,९९९ रुपयांच्या साडीची तर घरोघरी चर्चा झाली. जाहिरातीत भारतीय वस्त्र आणि छपाईपरंपरेचा गौरव होता. परंतु हस्तकला क्षेत्रातील अनेक मान्यवर संस्थांनी सब्यसाचींना जाहीर पत्र लिहून नेमक्या वर्मावर बोट ठेवले. हे कपडे भारतीय कारागिराच्या हातचे नाहीत आणि त्याच्या पदरात त्यातून काहीही पडलेले दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. योगायोग असा की, त्याच्या पाचच दिवस आधी, ७ ऑगस्टला, देशाने राष्ट्रीय हातमाग दिन साजरा केला होता. १९०५ साली याच तारखेला कोलकात्यात स्वदेशी आंदोलनाची घोषणा झाली, म्हणून हा दिवस २०१५ पासून पाळला जातो.

सब्यसाचींनी आजवर विणकरांचे काम अनेकदा लोकांपुढे आणले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. भारतीय रचना जगाच्या नकाशावर नेणे हा आपला हेतू होता, हे त्यांचे उत्तरही अगदीच पोकळ नाही. हाताने केलेली वस्तू यंत्राच्या भावात मिळू शकत नाही, हेही खरे. पण मग प्रश्न उरतोच. कारागिराची नक्षी यंत्रावर छापून लक्षावधींचा माल विकता येतो, तर त्या विक्रीतील चार पैसे त्याच्या गावापर्यंत का पोहोचू नयेत? २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार आहेत, त्यांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत आणि सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत आहे. म्हणजे त्या एका साडीची किंमत ही अशा कुटुंबाची दोन महिन्यांची कमाई!

समाज जागा असला की चित्र बदलते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान येथे कोल्हापुरी चपलेसारख्या चपला सादर केल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले होते. महाराष्ट्रातून आवाज उठला, कंपनीला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. नुसता संताप करून न थांबता हक्क मागितला, तर तो मिळतो.

मात्र परकीय कंपनीकडे बोट दाखविताना स्वतःच्या कपाटाकडेही पाहिले पाहिजे. लग्नकार्यात ‘सेमी पैठणी’ घेताना ती येवल्याच्या वा पैठणच्या हातमागावरची आहे की यंत्रमागावरची, हे किती घरांत विचारले जाते? परवडत नाही म्हणून यंत्रावरची साडी घेणे हा गुन्हा नव्हे; पण तीच हातमागाची म्हणून खपवू देणे हा विणकरावर अन्याय आहे. २००६ पासून हातमागाच्या वस्त्रांसाठी ‘हँडलूम मार्क’ अस्तित्वात आहे. ते पाहून घेण्याची सवय लावायला पैसे पडत नाहीत.

स्वदेशी म्हणजे नक्षीवरचा मोर नव्हे. तो विणणाऱ्या हाताला मिळणारा योग्य दाम म्हणजे स्वदेशी. १९०५ साली पुण्यात तरुण सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाचा ट्रक अडविताना गिरणी कामगार बाबू गेनू यांनी प्राण दिले. आज कुणाला प्राण द्यायचे नाहीत, होळीही पेटवायची नाही; वर्षातून एक खरेदी विचारपूर्वक करायची आहे. मीरा-भाईंदरमधील उत्तनच्या केशवसृष्टीने विक्रमगड भागातील वनवासी भगिनींना बांबूच्या राख्या आणि आकाशकंदील बनविण्याच्या कामाला लावले. त्या वस्तूंवर कोणाही नामवंताची सही नाही, तरी त्यांच्या विक्रीतून एखाद्या पाड्यावरची चूल पेटते. येत्या सणाला प्रत्येक घरात किमान एक वस्त्र थेट विणकराकडून वा त्यांच्या सहकारी संस्थेकडून यावे. नामवंताच्या चिठ्ठीसाठी रांग लावणारा समाज विणकराच्या दारात उभा राहील, त्या दिवशी स्वदेशी पुन्हा घराघरांत नांदू लागेल.